तळवाल्याची गाठ

कांदे माळ्यावर होते म्हणून ते कळलं, नाहीतर कधीच कळलं नसतं.

दवाखान्यातून घरी आणल्यापासून तिचा नवरा एक शब्द बोलला नव्हता. खाटेवर उताणा पडून छताकडे बघत राहायचा. समोर उभं राहून हाक मारा, कानाशी लागून बोला, खांदा हलवा, त्याची पापणीही हलत नसे. सासूबाई उशाशी बसून देवाचं नाव घेत, दीर पायाशी बसून जमिनीकडे बघे, आणि ती स्वतः 'अहो, तोंड उघडा' म्हणत अर्धा भात त्याच्या छातीवर सांडून घेई. त्या संध्याकाळी भाजीला कांदे हवे होते. ती शिडी चढून माळ्यावर गेली, वाकून टोपली ओढली आणि कुणाला उद्देशून नव्हे, नुसतीच वैतागून म्हणाली, "अर्धे सडलेत की हो."

"सडलेले बाजूला काढ," खालून नवऱ्याचा आवाज आला. "चांगले खाली सोड."

तिच्या हातातली टोपली कलंडली. कांदे गडगडत शिडीवरून खाली गेले. ती कशीबशी उतरली, खाटेशी गेली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अहो, बोललात ना आत्ता? बोला ना." तो छताकडे बघत होता. जणू ती तिथे नव्हतीच.

ती पुन्हा वर चढली. माळ्याच्या चौकोनातून डोकं खाली काढलं.

"अहो?"

"हं."

"कसं वाटतंय?"

"गार आहे फार." मग थोडं थांबून, तक्रार केल्यासारखं, "दोर का सोडत नाहीस?"

ती तिथेच माळ्यावर मांडी घालून बसली आणि पोटभर रडली. कांद्यांचं निमित्त होतंच.

हे घर विहिरी खणणाऱ्यांचं. थोरला, म्हणजे तिचा नवरा, तळात उतरायचा, धाकटा, म्हणजे दीर, काठावर दोर धरायचा. सासऱ्यांच्या वेळेपासूनच ही वाटणी होती. लोक थोरल्याला तळवाला आणि धाकट्याला काठवाला म्हणायचे, ते इतकं की खरी नावं विचारली असती तर शेजाऱ्यांनाही डोकं खाजवावं लागलं असतं. तळातल्याने दोर कमरेला बांधून घ्यायचा. वर घेताना काठावरून विचारायचं, 'कोण?' आणि पाय जमिनीला टेकले की तळातल्याने म्हणायचं, 'मी. आलो.' मग कमरेची गाठ त्याने आपल्या हाताने सोडायची. दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावायचा नाही. यात जादूटोणा काही नव्हता. खालून वर आलेल्या माणसाला उजेडाने भोवळ येते, पाय लटपटतो. तो स्वतः बोलेपर्यंत आणि स्वतः गाठ सोडेपर्यंत काठवाल्याने दोर सैल सोडायचा नाही, एवढंच.

रोपवाटिका चालवणाऱ्या रोपवाल्याच्या विहिरीचं काम चालू असताना दरड ढासळली त्या दिवशी काठवाल्याने एकट्याने, हाताची सालपटं निघेपर्यंत भावाला वर ओढलं. डोकं फुटलं होतं, शुद्ध नव्हती. गडी ओरडायला लागले, उचला, गाडी आणा. गाठ ओली होऊन आवळली होती. काठवाल्याने कोयता घेतला, कमरेपासूनचा दोर कापला, कमरेभोवतीचं दोराचं कडं गाठीसकट पायांवरून खाली ओढून काढलं आणि दूर भिरकावलं. ते विहिरीत पडलं.

दिराला कुणी बोल लावला नाही. लावणार तरी कसा, त्यानेच भावाचा जीव वाचवला होता. फक्त सासूबाईंनी दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या विचारलं होतं, "आणि गाठ कुणी सोडली रे?"

दिराने सोललेले तळहात मुठीत लपवले.

तिने डॉक्टरीणबाईंना माळ्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "डोक्याला मार लागला की असलं काहीही होतं. सावकाश सुधारेल. जिथून ऐकू जातंय तिथून बोला," म्हणाल्या. पायांचंही तिने विचारलं. त्याचे पाय सारखे ओलसर असत. पुसून पांघरूण घालावं, घटकाभराने चाचपावं तर पुन्हा ओले. आणि नखं. ती त्याची नखं कापायची, सुईने कोरून काढायची, आणि सकाळी पुन्हा त्यांत निळसर चिकणमाती असायची. "घाम येत असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि नखांचं?" "नखांचं काय?" मातीचं सांगायचा तिला धीर झाला नाही. वेड्यात काढतील ही भीती होती.

तेव्हापासून घराचा कारभार माळ्यावरून चालू लागला. सकाळी उठून ती वर जाई आणि हाक मारी. 'अहो, तोंड धुवायचंय.' मग खाली सासूबाई ओलं फडकं फिरवत आणि तो फिरवू देई. 'अहो, घास येतोय.' मग तो तोंड उघडी. चढउतार करून तिचे गुडघे दुखून येत. सासूबाईंना शिडी जमत नव्हती, म्हणून त्या खालीच बसून देवाशी बोलत.

"आई, तुमचं त्यांना ऐकू जात नाही खालून."

"माहीत आहे. माझं आधी देवाकडे जातं, मग तिथून त्याच्याकडे. वेळ लागायचाच."

सासूबाईंचा देव घरातच मुक्कामाला होता. तिचा स्वतःचा देव म्हणजे अधूनमधून येणारा पाहुणा. आला तर पाटपाणी करायची, नाही आला तर वाट बघायची नाही. पण त्या दिवसांत तीही शिडीवर उभी राहून मनातल्या मनात त्याला दोन शब्द बोलून घ्यायला लागली.

पुढच्या आठवड्यात रोपवाला आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. खाटेवरच्या माणसाकडे त्याने बिघडलेल्या पंपाकडे बघावं तसं बघितलं.

"सुधारतोय ना?"

"सुधारतोय," दीर म्हणाला.

"माझी रोपं करपायला लागलीत. टँकरने किती दिवस पाणी घालू? बांधणी पुरी करून झऱ्याचं तोंड मोकळं करा. तुमच्याने होत नसेल तर सांगा. पलीकडची टोळी सोमवारी यायला तयार आहे."

"तळात मी उतरेन, पण काठाला माणूस हवा."

"ते तुम्ही बघा बुवा."

खाटेवरून आवाज आला नाही. येणार कसा, माळ्यावर कुणी नव्हतं. ती चुलीपाशी उभी होती. दुसऱ्यांची टोळी आपल्या नवऱ्याने खणलेल्या विहिरीत उतरणार, त्याची सब्बल, ती लोखंडी पहार, तिथेच पडलेली असणार आणि ते लोक ती लाथेने बाजूला सारणार, एवढंच तिला दिसत होतं.

"काठाला मी उभी राहते," ती म्हणाली.

रोपवाल्याने तिच्या हातांकडे बघितलं आणि 'बरं' म्हणाला. ते 'बरं' तिला लागलं.

पहिल्या दिवशी तिच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. कप्पीवरून दोर सोडायचा, दगडाची पाटी खाली द्यायची, गाळाची पाटी वर घ्यायची. दिराने शिकवलं तसं ती ओढताना खाली बघत नसे, कप्पीकडे बघे. खाली बघितलं की हात ढिले पडतात. रोपवाटिकेतले गडी येता-जाता थबकून बघायचे. एकजण म्हणाला, "वहिनी, आता घरी नवरा भाकऱ्या थापतो वाटतं." ती म्हणाली, "हो, आणि तुझ्यापेक्षा बऱ्या थापतो." गडी हसत निघून गेला.

दुपारी, ऊन डोक्यावर आलं असताना, तिने काठावरून हाक दिली.

"जेवण पाठवू का?"

"पाठव," खालून उत्तर आलं.

दिराने तिला एकेरीत कधीच हाक मारली नव्हती. तिने डबा पाटीत ठेवून खाली सोडला. पाटी तळाला टेकल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, इतक्यात कशाला? मी अजून हातही धुतले नाहीत."

"तुम्हीच पाठव म्हणालात."

"मी कुठे बोललो?"

विहिरीत आवाज घुमतो, भावाभावांचा आवाज सारखा असतो, ऊन लागलं की कान वाजतात. यातलं एकेक तिने स्वतःला समजावून बघितलं.

संध्याकाळी घरी गेली तर सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"अगं पोरी, आज तो जेवला. आपल्या हाताने जेवला."

"कसं काय? माळ्यावर कोण गेलं होतं?"

"कुणी नाही. मी भाजी निवडत बसले होते. दुपारी एकदम म्हणाला, 'पाठव.' इकडे तिकडे बघितलं, तर तोच. मी ताट पुढे केलं, त्याने चाचपलं आणि खाल्लं. वर बघतच खाल्लं, पण खाल्लं."

तिने काहीच सांगितलं नाही. नवऱ्यापाशी जाऊन बसली आणि त्याचे पाय पुसले. अंगठ्याच्या बेचक्यात निळी चिकणमाती होती.

मग ती विहिरीच्या काठावरून बोलायला लागली. दीर तळात दगड बसवत असायचा, तो ऐकत असायचा, तरी तिने लाज सोडली. गाय व्यायली ते सांगितलं, आईंचे गुडघे सुजलेत ते सांगितलं, तुमचा सदरा उसवला होता तो मी शिवून ठेवलाय हे सांगितलं. कधी खालून 'हं' यायचं, कधी नाही. संध्याकाळी सासूबाई सांगायच्या, आज तो कुशीवर वळला, आज गालातल्या गालात हसला, आज म्हणाला, 'कालवड की गोऱ्हा?' दिवसेंदिवस त्याच्या अंगात जीव भरत होता. तिला आनंदही होत होता आणि भीतीही वाटत होती. कारण एक गोष्ट तिला आता उघड दिसत होती. तो घरी नव्हता. दवाखान्यातून आणलं होतं ते नुसतं शरीर, ते खाटेवर होतं, आणि ऐकणारा तो इथे खाली उभा होता, गार चिखलात, वर बघत.

एका दुपारी दीर नेहमीपेक्षा लवकर वर आला. "मी. आलो," म्हणाला, गाठ सोडली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, खाली मी पाठ टेकून बसलो की कुणीतरी सरकून जागा देतं."

तिने दोर गुंडाळायला घेतला.

"दादाची सवय होती ती. मी लहान असताना मला घेऊन उतरायचा, तेव्हा असाच सरकायचा." त्याने तोंड पुसलं. "उद्या बांधणी संपेल. मग झऱ्याचं तोंड उघडायचं. कमरेपर्यंत पाणी तर लगेच भरेल."

"थोडे दिवस थांबूया भाऊजी."

"थांबून काय करू? रोपवाला टोळी आणेल. ते उघडतील. तेव्हा काठावर तुम्ही नसाल, मी नसेन."

ते खरं होतं, म्हणून ती जास्तच चिडली. घरी येऊन भांडी आदळली. सासूबाईंनी सगळं काढून घेतलं तिच्याकडून. ऐकून घेतल्यावर त्या बराच वेळ जपमाळ नुसतीच हातात धरून बसल्या.

"त्याची गाठ खालीच आहे ना अजून?"

"कुठेतरी गाळात असेल."

"मग तो गाठीपाशी उभा असणार. तळवाल्याला तेच शिकवलंय. दोर येईपर्यंत जागा सोडायची नाही." त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या मी इथून देवाला धरून ठेवते. तू तिकडून दोर धर. दोघींपैकी एकीचं तरी लागू पडेल."

दुसऱ्या दिवशी रोपवाला सकाळपासूनच काठाशी येरझाऱ्या घालत होता. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. शेवटचे दगड बसले. दीर झऱ्याच्या तोंडावरची चिकणमाती सब्बलीने उकरायला लागला. मग सब्बलीचा आवाज थांबला.

"वहिनी," तो खालून म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "दादाचं कडं सापडलंय. गाठीसकट."

"सोडू नका गाठ."

"नाही सोडत."

"दोराला बांधून द्या. मी वर घेते."

"अहो, पाण्याचं बघा आधी," रोपवाला म्हणाला. "जुन्या दोराचं काय घेऊन बसलात?"

तिने दोर सोडला. खालून एक झटका आला, ओढ म्हणून. तिने कप्पीकडे बघितलं आणि ओढलं. दोर हलला नाही. तिने पाय काठाच्या दगडाला लावले आणि सगळं वजन मागे टाकलं. दोर वीतभर वर आला. कप्पी करकरली.

"भाऊजी, तुम्ही धरलंय का?"

"मी हात वर करून उभा आहे वहिनी. बाजूला उभा आहे." आणि थोड्या वेळाने, "ओढा. थांबू नका."

फुटलेल्या फोडांतून दोर सरकत होता. रोपवाला आधी हसला, मग पुढे आला, मग काही न बोलता तिच्या मागून दोर धरला. त्याच्या वहाणा मातीत घसरल्या. त्याने त्या काढून फेकल्या आणि टाच रोवली. दोघं मिळून ओढत होती, एका भरल्या अंगाच्या माणसाचं वजन, तिला ते वजन ओळखीचं होतं. लग्नानंतर इतकी वर्षं झोपेत तिच्या हातावर पडलेलं वजन होतं ते. तिने मनात देवाला हाक मारली, पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी.

काठावर आलं ते चिखलाने माखलेलं दोराचं कडं, गाठ आवळून दगड झालेली. हातात घेतलं तर मूठभरही वजन नाही. रोपवाला चार पावलं मागे जाऊन उभा राहिला आणि तळहात धोतराला पुसत राहिला.

"कोण?" तिने विचारलं.

कडं तिच्या हातात होतं. उत्तर आलं नाही.

तिला तसंच धावत घरी जायचं होतं, पण दीर खाली होता. काठवाल्याने काठ सोडायचा नसतो. तिने कडं पदरात बांधलं, मोकळा दोर पुन्हा खाली सोडला आणि म्हणाली, "उघडा तोंड." सब्बलीचे चार घाव ऐकू आले, मग पाण्याचा आवाज. दीर ओरडला नाही, पण दोराला दिलेला झटका घाईचा होता. तिने आणि रोपवाल्याने त्याला वर घेतलं. गुडघ्याच्या वरपर्यंत भिजला होता.

"कोण?"

"मी. आलो." त्याने गाठ सोडली आणि विहिरीकडे पाठ केली. खाली पाणी चढत होतं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. सासूबाई खाटेला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, घसा बसला होता.

"मघाशी बोलला, 'पाणी आलं.' दोनदा बोलला. तेव्हापासून गप्प आहे गं. श्वास चालू आहे, पण हाक मारावी असं काही दिसत नाही त्याच्यात."

तिने पदर सोडला. ओलं कडं त्याच्या पोटावर ठेवलं, त्याचे दोन्ही हात त्यावर ठेवले. हात लाकडासारखे पडून राहिले. मग ती शिडी चढली. माळ्याच्या कडेला पोटावर पालथी झाली आणि खाली बघितलं. ओढताना खाली बघायचं नसतं, पण आता ओढायचं काही उरलं नव्हतं.

"कोण?"

खाली दीर उभा होता, सासूबाई बसल्या होत्या. कुणी हललं नाही.

"कोण?" तिने पुन्हा विचारलं. उशीर झाला, असं तिच्या मनात आलं. आधी दिराला वर घ्यायला नको होतं. असला पापी विचार तिच्या मनात आला आणि ती स्वतःलाच भ्याली.

सासूबाईंनी जप थांबवला. वर बघून, देवाला की सुनेला कोण जाणे, त्या हळूच म्हणाल्या, "आणखी एकदा विचार."

"कोण आहे खाली?"

त्याचं एक बोट हललं. मग दुसरं. बोटं गाठीवरून फिरली, थांबली, नखं गाठीत शिरली. गाठ फुगलेली होती, चिखलाने बसलेली, आणि त्याच्या बोटांत ताकद नव्हती. नख सटकायचं आणि तो पुन्हा लावायचा. दीर न राहवून पुढे झाला. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. एकदा लावलास ना."

दीर तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. ती वरून बघत होती. गाठीचा एक पदर सैल झाला, मग दुसरा. चिखलाचं पाणी त्याच्या पोटावरून चादरीवर ओघळलं. कडं उलगडून सरळ झालं, खाटेखाली सरकलं.

"मी," तो म्हणाला. श्वास घेतला. "आलो."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी त्याचे तळवे धरले. बोटांच्या बेचक्यांतून, टाचेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"कोरडे आहेत गं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने मान वळवली. छताकडून, भिंतीकडून, खोलीभर नजर फिरवली. आईकडे बघितलं, रडणाऱ्या भावाकडे बघितलं, खाटेशेजारची रिकामी जागा बघितली. कुणाला तरी शोधत होता. मग माळ्याच्या कडेला लोंबणारा पदर त्याला दिसला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तू वर काय करतेस?" तो म्हणाला. "खाली ये."